गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या जाती ओळखताना: शंखापासून डीएनएपर्यंत, योग्य क्रमाने

तळ्यातून, विहिरीतून किंवा भातखाचरातून आणलेल्या गोगलगायींची ओळख चुकते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर शंख पाहून थेट जातीचे नाव दिले जाते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फोटो एका प्राण्याचा, विच्छेदन दुसऱ्याचे आणि डीएनए तिसऱ्याचा असतो, आणि तिन्ही एकाच जातीचे होते हे नंतर कुणालाच दाखवता येत नाही. खालची पद्धत एकाच नियमावर उभी आहे: एक प्राणी, एक क्रमांक, आणि सगळा पुरावा त्याच प्राण्याचा.

उदाहरणे आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या गोगलगायींची घेतली आहेत: लिम्निया, इंडोप्लॅनॉर्बिस, जायरॉलस, फायसेला, मेलानॉइडिस, टारेबिया, बेलामिया आणि पायला. ओळख चुकली तर पुढचे सगळे चुकते. गुरांना घोरायला लावणारा नाकातला शिस्टोसोमा (रक्तवाहिन्यांत राहणारा पर्णकृमी) इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टसमधून पसरतो, तर यकृतातला मोठा पर्णकृमी लिम्नियाच्या काही जातींमधून. भलत्याच गोगलगाईवर औषध मारून गुरांचा रोग आटोक्यात येत नाही.

## तयारी: पाण्याकडे जाण्याआधी

हे सामान आधी जमवा. तळ्याकाठी पोहोचल्यावर यातल्या एकाचीही उणीव भरून निघत नाही.

- झाकणाच्या छोट्या बाटल्या, २० ते ५० मिलिलिटरच्या, प्रत्येक ठिकाणासाठी वेगळ्या
- ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉल (डीएनएसाठी) आणि ७० ते ८० टक्के इथेनॉल (शरीररचनेसाठी)
- मेन्थॉलचे खडे. काष्ठौषधींच्या दुकानात पिपरमिंटची फुले म्हणून मिळतात
- गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चहाच्या गाळणीसारखी बारीक जाळी
- पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या
- १० ते ४० पट मोठे दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, ५ नंबरचे दोन चिमटे, डोळ्याच्या शस्त्रक्रियेची छोटी कात्री, कीटक टाचायच्या बारीक टाचण्या
- काळे मेण ओतलेली बशी. पॅराफिनमध्ये काजळी मिसळली की काम भागते. गोगलगाईचे अवयव पांढरट असतात, ते पांढऱ्या बशीत दिसतच नाहीत.

इशारा: फॉर्मालिन प्रवासाला नेऊच नका. त्याने डीएनए निकामी होतो आणि आम्लता वाढली की शंखही झिजतो. इथेनॉल संपले म्हणून हँड सॅनिटायझर वापरणारेही आढळतात. त्यात पाणी भरपूर असते आणि बहुधा ग्लिसरीन, त्यामुळे ऊती टिकत नाही.

इशारा: चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते, आणि लेझर प्रिंटची अक्षरे काही महिन्यांत सुटून तळाशी बसतात.

## १. गोळा करणे

एका ठिकाणाहून प्रत्येक दिसायला वेगळ्या प्रकारचे १५ तरी प्राणी घ्या, आणि त्यांत पूर्ण वाढलेले निम्म्याहून अधिक असू द्या. पिल्लांची जननेंद्रिये तयार झालेली नसतात, म्हणून विच्छेदनासाठी ती निरुपयोगी ठरतात. इंडोप्लॅनॉर्बिसचे पिल्लू आणि वाढलेला जायरॉलस यांत तर हमखास घोटाळा होतो. दोन्ही चपट्या चकतीसारखे दिसतात, पण इंडोप्लॅनॉर्बिसचे वेटोळे आडव्या रुंदीपेक्षा उंच असते आणि जायरॉलसचे बसके.

पाणवनस्पतींची पाने उलटी करून पाहा. २ ते ४ मिलिमीटरची टोपीसारखी फेरिसिया पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असते, आणि जाळी ओढणाऱ्याच्या हाती ती लागतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे रुग्ण १९५२ मध्ये नोंदले गेले. तिथल्या पर्णकृमीची मध्यस्थ म्हणून ओळखली गेलेली फेरिसिया टेन्युइस इतकीच छोटी आहे.

सह्याद्रीत धबधब्याशेजारच्या ओल्या कातळावरही पाहा. क्रेम्नोकॉन्कस वंशाच्या गोगलगायी तिथे पाण्याबाहेर, तुषारांत राहतात. समुद्रकाठच्या लिटोरिना कुळातली ही मंडळी गोड्या पाण्यात आहेत, हे माहीत नसेल तर किल्ली (एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता) वापरणारा पहिल्याच पायरीवर भलत्या कुळात जातो. अशा ठिकाणी प्राणी मोजकेच असतात, तेव्हा पाच-सहा पुरेत.

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याची परवानगी आधी घ्या. नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर जैवविविधता कायद्याखालचे नियम नमुने गोळा करण्यापूर्वीच पाहा.

## २. जिवंत असताना पाहणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि नुकसानही हिच्यामुळेच सर्वाधिक होते. इथेनॉलमध्ये गेलेला प्राणी आखडतो, रंग उडतात, आणि जिवंतपणी एका नजरेत दिसणारी खूण नंतर तासभर शोधूनही सापडत नाही.

प्रत्येक प्राणी पांढऱ्या वाटीत, त्याच तळ्याच्या पाण्यात ठेवा. दहा मिनिटे वाटी हलवू नका. प्राणी बाहेर आला की या क्रमाने पाहा.

झाकण. पायाच्या मागच्या भागावर शंखाचे दार बंद करणारी चकती आहे का? लिम्निया, फायसेला, इंडोप्लॅनॉर्बिस, जायरॉलस आणि फेरिसिया यांना झाकण नसते. पायला, बेलामिया, मेलानॉइडिस, टारेबिया आणि बिथिनिया कुळातल्यांना असते. झाकण असेल तर त्याच्या रेषा भिंगाखाली पाहा. बेलामियाचे झाकण शिंगासारखे लवचिक असते आणि त्यावर एकात एक वर्तुळे दिसतात. मेलानॉइडिस आणि टारेबियाच्या झाकणावर मोजक्या वळणांची सर्पिल रेषा असते. पायलाचे झाकण चुन्याचे, जाड. मत्स्यालयातून सुटलेला पोमासिया पायलासारखाच दिसतो, पण त्याचे झाकण शिंगासारखे असते.

वेटोळ्याची बाजू. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड उजव्या हाताला आले तर उजवी, डाव्या हाताला आले तर डावी. फायसेला डावी, लिम्निया उजवी. इंडोप्लॅनॉर्बिस चपटी असल्याने हा नियम तिला लावू नका; तिचे अवयव डाव्या रचनेचे आहेत आणि जननछिद्रे शरीराच्या डाव्या बाजूला उघडतात.

इशारा: फोनचा सेल्फी कॅमेरा आणि काही सूक्ष्मदर्शक प्रतिमा आरशासारखी उलटी करतात. फोटोत छापील मजकुराचा तुकडा असू द्या. अक्षरे उलटी दिसली तर शंखही उलटा दिसतो आहे.

संस्पर्शक, म्हणजे डोक्यावरची मऊ शिंगे. लिम्नियाचे चपटे आणि त्रिकोणी, फायसेला आणि प्लॅनॉर्बिडांचे (इंडोप्लॅनॉर्बिस, जायरॉलस यांच्या कुळातल्यांचे) दोऱ्यासारखे. बेलामियात दोन्ही संस्पर्शकांची तुलना करा: नराचा उजवा संस्पर्शक जाड, आखूड आणि बोथट असतो, कारण तोच मीलनाचा अवयव आहे. नर-मादी जिवंतपणी अशी सहज कळतात.

प्रावाराची (शंख तयार करणाऱ्या कातडीच्या घडीची) कडा आणि रक्त. फायसेला अक्युटाच्या प्रावाराला बोटांसारखे फाटे असतात आणि चालताना ते शंखाच्या कडेवर चढलेले दिसतात. प्लॅनॉर्बिडांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून पातळ शंखातून अंग लालसर दिसते. लिम्नियाच्या शंखातून प्रावारावरचे काळे-पिवळे ठिपके दिसतात. त्यांचा फोटो आताच घ्या.

दोन दिवस वाटीत ठेवलेत तर अंड्यांचे गुच्छही मिळतात. लिम्नियाचा गुच्छ लांबट आणि पारदर्शक, इंडोप्लॅनॉर्बिसचा चपटा, गोलसर आणि पिवळसर. पोमासिया पाण्याच्या वर, काठावर किंवा काडीवर रंगीत, बहुधा गुलाबी अंडी घालतो, तर पायला ओल्या मातीत पांढरी.

## ३. पर्णकृमी आहेत का ते तपासा

प्रत्येक प्राणी १० मिलिलिटर क्लोरीनमुक्त पाण्यात एकेकटा ठेवून दिव्याखाली दोन ते चार तास थांबा. पाण्यात शेपटीवाले सूक्ष्म जीव वळवळताना दिसले तर ते सर्केरिया, म्हणजे पर्णकृमींची पोहणारी पिल्ले. ही पायरी फक्त रोगावर काम करणाऱ्यांसाठी नाही. पर्णकृमींनी पोखरलेल्या गोगलगाईची जननग्रंथी नष्ट होते, शिश्न आखूड राहते आणि शंखाचा आकारही बदलतो. अशा प्राण्यावरून जातीचे वर्णन केले तर ते आजाऱ्याचे वर्णन होते.

सर्केरिया निघाल्या नाहीत म्हणजे प्राणी निरोगी, असे मात्र धरू नका. विच्छेदनात पचनग्रंथी पुन्हा पाहा. तपकिरी ग्रंथीत नारिंगी-पिवळे धागे किंवा पिशव्या दिसल्या तर तो प्राणी मोजमापातून वगळा.

इशारा: हे पाणी उघड्या हाताने हाताळू नका. गुरांच्या शिस्टोसोमाच्या सर्केरियाही माणसाच्या कातडीत शिरून खाज आणतात. काम झाल्यावर पाणी उकळून मगच टाका.

## ४. सैल करणे, मारणे, जतन करणे

इथे कामाची दोन तोंडे होतात. एकाच प्राण्याकडून शरीररचना आणि डीएनए दोन्ही हवे आहेत, आणि दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. विच्छेदनाला सैल, लांब पसरलेला प्राणी हवा. डीएनएला मरण आणि इथेनॉल यांत कमीत कमी वेळ हवा.

मेन्थॉलची पद्धत. भरलेल्या बाटलीत पाण्यावर चार-पाच खडे तरंगत ठेवा आणि झाकण लावा. सहा ते बारा तासांत प्राणी बाहेर पसरतो आणि सैल पडतो. पायाला टाचणी लावा. तो आखडला तर अजून थांबा. उन्हाळ्यात बाटली रात्रभर खोलीत ठेवू नका. प्राणी मरून सकाळपर्यंत कुजतो आणि डीएनएचे तुकडे होतात. थंड जागी ठेवा आणि दर दोन तासांनी पाहा.

गरम पाण्याची पद्धत. झाकणवाल्यांसाठी हीच बरी. झाकणवाली गोगलगाय थेट इथेनॉलमध्ये टाकली की दार लावून घेते, आत इथेनॉल पोहोचत नाही आणि ती शंखाच्या आत सडते. ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ ते १० मिलिमीटरचा प्राणी २० ते ३० सेकंद बुडवा. मग पायाला वाकवलेली टाचणी टोचून वेटोळ्याच्या दिशेने फिरवत अंग बाहेर ओढा. सरळ ओढलेत तर पचनग्रंथीचा शेंडा आत तुटून राहतो. शंख अखंड राहतो, अंग अखंड राहते, आणि इतक्या थोड्या वेळात डीएनएला इजा होत नाही.

अंग ९५ टक्के इथेनॉलमध्ये घाला. इथेनॉल अंगाच्या दहापट असू द्या आणि २४ तासांनी बदला. पहिल्या दिवशी अंगातले पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ होते, म्हणून हा बदल टाळता येत नाही. ज्यांचे फक्त विच्छेदन करायचे आहे अशा एक-दोन जादा प्राण्यांना ७० टक्क्यांत ठेवा, कारण तीव्र इथेनॉलमध्ये अंग ठिसूळ होते.

शंख धुऊन, वाळवून, त्याच क्रमांकाने वेगळ्या डबीत ठेवा.

तपासा: शंखाची डबी, अंगाची बाटली, जिवंतपणीचा फोटो. तिन्हींवर एकच क्रमांक आहे ना?

## ५. शंखाची मापे

शंखाचा फोटो तोंड समोर, अक्ष मोजपट्टीला समांतर ठेवून घ्या. शंख दोन अंश जरी कलला तरी तोंडाची रुंदी बदलते, म्हणून तो मातीच्या गोळीवर बसवा. उंची, रुंदी, तोंडाची उंची, तोंडाची रुंदी आणि वेटोळ्यांची संख्या नोंदवा.

मेलानॉइडिसच्या शंखाचे टोक बहुधा झिजलेले असते. तिथे पूर्ण उंचीला अर्थ नाही. शेवटच्या तीन वेटोळ्यांची उंची मोजा.

ही मापे जात ठरवण्यासाठी एकटी पुरत नाहीत. फायसेलाला पाण्यात माशांचा वास लागला तर तिचा शंख गोलसर वाढतो. लिम्निया ल्युटिओला आणि लिम्निया अॅक्युमिनाटा यांच्या निमुळतेपणावरून केलेला भेद एकाच तळ्याच्या दोन टोकांनाही डगमगतो. शंका असेल तर दोन्ही प्रकारच्या प्राण्यांची पिल्ले एकाच टाकीत, एकाच खाद्यावर वाढवा. भेद पुढच्या पिढीत विरला तर तो पाण्याचा परिणाम होता.

## ६. आधी डीएनएसाठी तुकडा, मग विच्छेदन

क्रम उलटा करू नका. विच्छेदनात पचनग्रंथी फुटते आणि तिची विकरे, अन्नातली शेवाळे, पर्णकृमी हे सगळे बशीभर पसरते.

पायाच्या मागच्या कडेचा २ मिलिमीटरचा तुकडा नव्या पात्याने कापा. पोटातला भाग घेऊ नका. बेलामियासारख्या मादीच्या पोटात पिल्ले असतात आणि त्यांच्यात बापाचाही डीएनए असतो, तर उभयलिंगी गोगलगायींमध्ये जोडीदाराचे शुक्राणू साठवलेले असतात. प्रत्येक प्राण्यामागे पाते बदला, चिमटा १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून शुद्ध पाण्याने धुवा आणि मग इथेनॉलने पुसा.

फेरिसियासारख्या अगदी छोट्या प्राण्याचे पूर्ण अंग वापरावे लागते. तेव्हा शंख आधी गरम पाण्याच्या पद्धतीने वेगळा करा. शंखासकट अंग विरघळवायला घातले तर द्रावणातले ईडीटीए शंखातला चुना ओढून घेते आणि पुराव्याचा शंखच नाहीसा होतो.

## ७. विच्छेदन

अंग १० मिनिटे पाण्यात भिजवा, मग मेणाच्या बशीत पाय खाली ठेवून टाचा. अंग पूर्ण बुडेल इतके पाणी घाला. कोरड्या बशीत अवयव एकमेकांना चिकटतात.

१. प्रावाराची पोकळी कडेने उघडा आणि मागे उलटवा.
२. डोक्यापासून मागे, दोन संस्पर्शकांच्या मधोमध, फक्त कातडीला छेद द्या. कात्रीचे टोक वर उचललेले ठेवा.
३. दोन्ही कडा बाजूला टाचा. पुढे गुलाबी, गोल मुखपिंड दिसेल, त्यामागे मज्जातंतूंचे कडे.
४. नर अवयव शोधा. लिम्नियात तो उजव्या संस्पर्शकाजवळ असतो, फायसेला आणि प्लॅनॉर्बिडांत डाव्या बाजूला.
५. त्याला शरीरभित्तीशी बांधणारा स्नायू भित्तीच्या बाजूने कापा. अवयवाच्या बाजूने कापलात तर स्नायू कुठे जोडलेला होता ही खूण जाते.
६. अवयव सरळ करा, ओढू नका, आणि मोजपट्टीसह फोटो घ्या.

आता नेमके काय पाहायचे ते. लिम्नियात शिश्नाची बारीक पिशवी आणि तिच्यापुढची जाड नळी यांच्या लांबीचे गुणोत्तर घ्या, आणि शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीच्या देठाची लांबी मोजा. पुरःस्थ ग्रंथी आडवी कापून आत घडी आहे का आणि किती, तेही पाहा. एका प्राण्याचे गुणोत्तर पुराव्याला पुरत नाही; सारख्या आकाराचे पाच तरी वाढलेले प्राणी हवेत.

फायसेला अक्युटाच्या पुढच्या जाड नळीच्या बाजूला एक फुगीर ग्रंथी असते, आणि शिश्नाची पिशवी एकसलग, ग्रंथीविरहित असते. फायसेला गायरिनामध्ये हीच पिशवी दोन भागांची, अर्धी ग्रंथीयुक्त असते. शंख पाहून ज्या जाती वेगळ्या मानल्या होत्या त्यांतल्या कित्येक या एका अवयवामुळे आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकर प्रयोगांमुळे फायसेला अक्युटामध्ये मिसळल्या. जायरॉलसच्या शिश्नाच्या टोकाला कठीण सुई असते, ती १०० पटीखाली पाहा.

फेरिसियामध्ये शिश्न मुळातच नसलेले प्राणी पुष्कळ असतात. अवयव सापडला नाही तर ‘माझ्याकडून तुटला’ किंवा ‘ही वेगळी जात’ असे लगेच लिहू नका. चार प्राणी पाहा.

मेलानॉइडिस आणि टारेबियाचे विच्छेदन वेगळे. मानेच्या वरच्या बाजूला, कातडीखाली पिल्लांची पिशवी असते. ती हलकेच उघडा. वाळूच्या कणाएवढ्या गर्भापासून तीन-चार वेटोळ्यांच्या पूर्ण शंखापर्यंत सगळ्या वयाची पिल्ले एकाच पिशवीत मिळतात, आणि मोठ्या पिल्लांवर आईच्या शंखावरची नक्षी आधीच उमटलेली असते. ती मोजा, आकारानुसार रांगेत लावून फोटो घ्या. बेलामियाची पिल्ले मात्र मानेत नसून गर्भाशयात असतात. लांबट शंखाची पिल्ले घालणारी गोगलगाय समोर आली की एवढ्या एका फरकावरून कूळ पक्के होते.

## ८. रॅड्युला काढणे

रॅड्युला म्हणजे मुखपिंडातली सूक्ष्म दातांची पट्टी. मुखपिंड कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. मांस विरघळते, कायटिनची पट्टी उरते. पाण्यात तीनदा धुवा, बारीक ब्रशने साफ करा आणि दात वर येतील अशी ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर पसरवा. ब्लीचने हे काम लवकर होते, पण विसरून बाजूला ठेवलेत तर पट्टीही जाते.

दाब देण्यापूर्वी पट्टीची एक कड बाहेर वळवून घ्या, म्हणजे कडेचे दात आडवे दिसतात. सगळेच वरून पाहिले तर त्यांची टोके मोजता येत नाहीत.

झाकणवाल्यांमध्ये दर ओळीत सात दात असतात: मधे एक, दोन्ही बाजूंना तीन-तीन. बिथिनिया कुळात मधल्या दाताच्या तळाशी आणखी छोटे दात असतात, थायारिडांत (मेलानॉइडिस आणि टारेबियाच्या कुळात) नसतात. बिनझाकणवाल्यांत दर ओळीत कितीतरी दात असतात. फायसेलाच्या ओळी इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळलेल्या आणि दात कंगव्यासारखे, एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

इशारा: पुढच्या टोकाचे दात खरडून झिजलेले असतात. टोके मोजायची ती पट्टीच्या मधल्या भागात.

## ९. डीएनए काढणे

गोगलगाईचा चिकट पदार्थ हा इथला खरा शत्रू आहे. त्यातल्या बहुशर्करा डीएनएसोबत येतात आणि पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया) बंद पाडतात. म्हणून साध्या मीठ-पद्धतीऐवजी सीटॅब (बहुशर्करा वेगळ्या करायला मदत करणारे साबणासारखे रसायन) वापरा.

द्रावण: सीटॅब २ टक्के, सोडियम क्लोराइड १.४ मोलर, ट्रिस १०० मिलिमोलर (पीएच ८), ईडीटीए २० मिलिमोलर, आणि वापरण्याआधी बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के.

१. तुकडा टिपकागदावर दाबून इथेनॉल काढा आणि अर्धा तास टीई (ट्रिस-ईडीटीए) द्रावणात ठेवा. उरलेले इथेनॉल विकराला काम करू देत नाही.
२. बारीक चिरून ५०० मायक्रोलिटर सीटॅब आणि १० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (मिलिलिटरला २० मिलिग्रॅम) घाला. ६० अंशांवर, तुकडा दिसेनासा होईपर्यंत ठेवा. तीन तास ते रात्रभर लागतात.
३. तितकेच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४ः१) घालून १० मिनिटे हलकेच उलटसुलट करा. मिनिटाला १३,००० फेऱ्यांवर १० मिनिटे फिरवा.
४. वरचा थर घ्या. मधल्या पांढऱ्या पडद्याला टोक लावू नका, थर थोडा सोडून द्या. वरचा थर अजून गढूळ असेल तर पायरी ३ पुन्हा.
५. दोन तृतीयांश आयसोप्रोपेनॉल घाला, तासभर थंड ठेवा, २० मिनिटे फिरवा.
६. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, वाळवा, ५० मायक्रोलिटर टीईमध्ये विरघळवा.

इशारा: पायरी ४ संपेपर्यंत नळी बर्फात ठेवू नका. साधारण १५ अंशांखाली सीटॅब साक्यासारखा खाली बसतो आणि सगळा माल त्यात अडकतो. क्लोरोफॉर्म आणि मर्कॅप्टोइथेनॉल दोन्ही धूर-कपाटातच हाताळा.

तपासा: प्रकाश शोषण्याचे २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर १.८ च्या आसपास असावे. २६०/२३० खूप खाली असेल तर बहुशर्करा किंवा क्षार उरले आहेत. प्रत्येक खेपेत एक नळी ऊतीशिवाय चालवा.

## १०. पीसीआर

पहिले जनुक मायटोकॉन्ड्रियातले सीओआय, प्रायमर (प्रती कुठून सुरू व्हायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८. पट्टी साधारण ७१० बेसांची, प्रायमर कापल्यावर ६५८. दुसरे जनुक केंद्रकातले आयटीएस-२. दुसरे जनुक ऐच्छिक समजू नका. का ते पुढे येते.

२५ मायक्रोलिटर मिश्रणात मॅग्नेशियम क्लोराइड २ ते २.५ मिलिमोलर, प्रत्येक प्रायमर ०.४ मायक्रोमोलर, डीएनए १ ते २ मायक्रोलिटर. ९४ अंशांवर ३ मिनिटे. मग ९४ अंश ३० सेकंद, ४८ ते ५० अंश ४५ सेकंद, ७२ अंश १ मिनिट अशा ३५ फेऱ्या. शेवटी ७२ अंशांवर ७ मिनिटे.

पट्टी आलीच नाही तर डीएनए वाढवू नका, पातळ करा: दहापट, मग पन्नासपट. अडथळा आणणारा चिकट पदार्थ पातळ झाला की पट्टी उमटते. मिश्रणात बीएसए (गुरांच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घातल्यानेही फरक पडतो. अनेक पट्ट्या आल्या तर तापमान दोन अंशांनी चढवा.

क्रम दोन्ही दिशांनी वाचून घ्या.

## ११. क्रम वाचणे

प्रायमरचे भाग आणि दोन्ही टोकांचा अस्पष्ट भाग कापा. मग सीओआयचे प्रथिनात भाषांतर करा, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा तक्ता ५ निवडून. सर्वसाधारण तक्त्यात टीजीए म्हणजे ‘थांबा’, तक्ता ५ मध्ये ते ट्रिप्टोफॅन. तक्ता बदलायचे राहिले की चांगला क्रम बिघडलेला वाटतो. तक्ता ५ मध्येही थांबा-खुणा आल्या तर ती केंद्रकात गेलेली मायटोकॉन्ड्रियाची नक्कल असू शकते; तो क्रम वगळा.

आयटीएस-२ मध्ये एका जागेपासून पुढे सगळी शिखरे दुहेरी झाली तर प्राण्याच्या दोन प्रतींत लांबीचा फरक आहे. उलट दिशेने वाचा आणि दोन्ही बाजूंचे स्वच्छ भाग जोडा.

जेनबँकेत (डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) शोध घेतल्यावर पहिल्या ओळीतले नाव उचलू नका. टक्केवारीसोबत क्रमाचा किती भाग जुळला ते पाहा. तो नमुना कुठून घेतला, शंख कुठल्या संग्रहालयात ठेवला आहे, नाव कशावरून दिले, हेही पाहा. चुकीच्या नावाने जमा झालेला एक क्रम पुढच्या दहा जणांना तेच नाव देतो. जुनी आणि नवी नावेही सांभाळा: बेलामिया बेंगालेन्सिस आता फिलोपॅल्युडिना बेंगालेन्सिस म्हणून, तर लिम्निया ल्युटिओला रासेसिना ल्युटिओला म्हणूनही सापडते.

## १२. पुरावे जुळवणे

‘तीन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी जात’ ही रेषा गोगलगायींना लावू नका. फायसेला अक्युटामध्येच, एकाच जातीत, मायटोकॉन्ड्रियाचे इतके दूरचे प्रकार २०२२ मध्ये वर्णिले गेले की सीओआय पाहणारा त्यांना वेगळ्या कुळांत टाकेल. ते प्राणी आपसांत प्रजनन करतात. त्या मायटोकॉन्ड्रियाने फक्त नरक्षमता बंद पाडलेली असते. केंद्रकातल्या जनुकाखेरीज हे लक्षातच येत नाही.

म्हणून ताळा असा करा. शंख वेगळे, पण अवयव, सीओआय आणि आयटीएस-२ तिन्ही सारखे, तर जात एक आणि फरक पाण्याचा. सीओआय दूर, पण आयटीएस-२ आणि अवयव सारखे, तर वेगळी जात करू नका. आणखी ठिकाणचे नमुने आणा. दोन्ही जनुके आणि अवयव एकाच रेषेवर वेगळे पडले, आणि तेही दोन्ही प्रकार एकाच तळ्यात राहत असताना, तर त्या वेगळ्या जाती. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टसच्या नावाखाली डीएनएच्या अनेक दूरच्या फांद्या आहेत, तेव्हा आपल्या नमुन्याची फांदी कुठली हे नावासोबत लिहा.

मेलानॉइडिसला ही मोजपट्टीही पुरत नाही. माद्या नराशिवाय पिल्ले घालतात, त्यामुळे प्रत्येक वंशावळ वर्षानुवर्षे आपापली नक्षी आणि आपापला डीएनए घेऊन चालते. तिथे ‘प्रकार अ, प्रकार ब’ अशी नोंद प्रामाणिक ठरते.

## १३. नाव लिहिणे आणि नमुना ठेवणे

जात पक्की नसेल तर वंशाचे नाव लिहून पुढे ‘एसपी.’ लावा; एखाद्या जातीच्या जवळ जात असेल पण एखादा पुरावा अपुरा असेल तर ‘सीएफ.’ आणि त्यापुढे ती जात. कोणता पुरावा अपुरा आहे तेही लिहा.

शंख, उरलेले अंग, रॅड्युलाची काचपट्टी आणि डीएनएची नळी एकाच क्रमांकाने संग्रहालयात द्या. महाराष्ट्रात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याचा प्रकार, गोळा करणाऱ्याचे नाव, मारण्याची पद्धत आणि इथेनॉलची तीव्रता. जेनबँकेत क्रम भरताना हाच संग्रहालय क्रमांक ‘व्हाउचर’च्या रकान्यात घाला, तो रकाना रिकामा राहिला तर तुमचा क्रम पुढच्या माणसाला तपासता येत नाही.

उरलेल्या जिवंत गोगलगायी दुसऱ्या तळ्यात सोडू नका. जाळी आणि गमबूट पुढच्या पाण्यात घालण्याआधी उन्हात पूर्ण वाळवा. मेलानॉइडिसची एक मादी नवी वस्ती उभी करायला पुरते, आणि पुढच्या सर्वेक्षणात ती ‘नवी नोंद’ म्हणून छापली जाते.